पूल झाला की

वडगाव रासाईच्या खालच्या अंगाला, भीमेच्या अगदी काठावर रुपनवरवस्ती आहे. तिथल्या चांगदेव रुपनवरला सगळा मुलूख 'पूलवाले आबा' म्हणतो. अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड तालुका आणि मधे नदी. या नदीवर पूल व्हावा म्हणून चांगदेवनं सतरा वर्षं अर्ज केले, दोनदा उपोषणाला बसला, पुण्यातल्या कचेऱ्यांचे जिने झिजवले. शेवटी पूल झाला. उद्घाटनाला त्याला मंडपात पहिल्या रांगेत बसवून शाल-श्रीफळ दिलं. फीत कापून सगळे वाजतगाजत पलीकडे गेले, तेव्हा गुडघा दुखतोय म्हणून चांगदेव मंडपातच बसून राहिला. त्याला आता नऊ महिने झाले, आणि या पूलवाल्या आबानं पुलावर अजून एकदाही पाऊल ठेवलेलं नाही.

आता गाव म्हटलं की तोंडं आलीच. कुणी म्हणालं, आबांचा काहीतरी नवस आहे. कुणी म्हणालं, शाल हलकी निघाली म्हणून रुसलेत. सरपंच पोपटराव म्हणाले, रांधणाराची भूक वासानंच मरते, तसलाच प्रकार. चांगदेव सगळ्यांना हसून दाखवायचा. खरं कारण दोघांनाच ठाऊक होतं. एक तो स्वतः, आणि दुसरी पलीकडच्या काठावर, कोळपेवस्तीत राहणारी त्याची एकुलती लेक, सुलक्षणा.

नदीपल्याड लेक द्यायची नाही, हा रुपनवरवस्तीचा जुना रिवाज. उन्हाळ्यात बंधाऱ्यावरून मोटारसायकल जायची. पण वरच्या धरणांचं पाणी सुटलं की बंधारा बुडायचा आणि चार-चार महिने पल्याडचं घर नुसतं डोळ्यांनी बघायचं. वरच्या अंगाच्या जुन्या पुलावरून फेरा घालायचा तर पस्तीस किलोमीटर, त्यात निम्मे खड्डे. पंचमीला लेक यायची नाही, आणि बाळंतपणाला आणायची तर पाऊस लागायच्या आत. म्हणून जुनी माणसं म्हणायची, पोरीला लांब द्या, पण पाण्यापलीकडं देऊ नका.

चांगदेवनं दिली. झालं असं, की पुलाचं भूमिपूजन झालं, नारळ फुटला आणि भाषणात कुणीतरी दोन वर्षांचा वायदा केला. त्याच महिन्यात भैरू कोळपेचं स्थळ आलं. पोरगा निर्व्यसनी, चार एकर बागायत, ट्रॅक्टर. बायको गिताबाई नको म्हणत होती. चांगदेव तिला म्हणाला, कोनशिला बसली, आता पूल कुठं पळून जातोय? फुटलेल्या नारळाच्या भरवशावर लेक देणारा बाप रुपनवरवस्तीत तो पहिलाच आणि शेवटचाच.

मग नदीत दोन खांब उभे राहिले आणि ठेकेदार गेला. दुसरा आला, त्याला नकाशा बदलून हवा होता. मग जमिनीचं अडलं, मग निधीचं, मग निवडणूक. त्या दोन खांबांवर बगळे बसायचे. या मुलखातल्या ऊसवाल्याला पाटसचा कारखाना नदीपल्याड दिसायचा. पण ऊस न्यायचा फेऱ्यानं, आणि तिथं पोचेपर्यंत तो वाळून वजनाला उतरायचा. दूध नासायचं. दहावी झालेल्या पोरी घरी बसायच्या, कारण कॉलेजची एसटी पलीकडून जायची. पूल रखडला की खर्च किती वाढला ते पेपरात येतं. त्या रखडण्यात कुणाकुणाची वयं गेली ते कुठल्या पेपरात येत नाही, आणि येणारही नाही.

चांगदेवनं पहिला अर्ज लिहिला तो लेकीसाठीच. खोटं कशाला बोला. पण पुढं पुढं त्याला त्याची गोडी लागली. काखेत फायली, खिशात दोन पेनं, साहेब लोक नावानं ओळखू लागले. प्रत्येक अर्जात एक वाक्य ठरलेलं असायचं: 'लेकीबाळींचे माहेर चार महिने तुटते.' आणि हे लिहिणारा बाप, बंधारा मोकळा असायचा त्या आठ महिन्यांत, लेकीकडं वर्षातून एकदा जायचा, तेही घाईत. समितीची बैठक असायची, नाहीतर मुंबईला शिष्टमंडळ जायचं असायचं. फोनवर तो सुलक्षणाला सांगायचा, एकदा पूल झाला की निवांत येतो.

सहा वर्षांपूर्वी श्रावणात गिताबाई गेली. महिनाभर अंथरुणावर होती. तिचं एकच मागणं होतं, मला सुलीकडं न्या, चार दिवस तिच्याजवळ पडते. चांगदेव म्हणायचा, बरी हो, पूल होतोच आहे. सुलक्षणा दोनदा फेऱ्यानं येऊन बघून गेली; पण तिच्या घरी सासू आजारी, गोठ्यात चार दुभती जनावरं, तिला राहता येईना. एका सकाळी सगळं संपलं. नदी दुथडी भरलेली, बंधाऱ्याचा मागमूस नाही. रेंजही नव्हती. पावणेअकराला कसाबसा फोन लागला आणि सुलक्षणा म्हणाली, निघाले.

लेक आल्याशिवाय आईची माती होत नाही. दिवस लागला तरी थांबतात. त्या दिवशीही माणसं थांबायला तयार होती. आभाळ मात्र भरून आलं होतं, लाकडं भिजतील असं कुणीतरी पुटपुटलं, आणि चांगदेवनंच सांगितलं, "बंधारा पाण्याखाली हाय, रस्त्यावर वढा आला असंल. लेक काय येत न्हाई. उरका." बारा वाजता अग्नी दिला. त्यानंतर वीसेक मिनिटांनी भैरूचा पिकअप फेऱ्यानं अलीकडच्या काठावर येऊन थांबला. सुलक्षणा उतरली, धुराकडं बघत उभी राहिली. त्या दिवशी पाऊसही पडला नाही.

दहाव्याला ती आली ती पाव्हण्यासारखी. जाताना चांगदेव म्हणाला, येत जा. ती म्हणाली, पूल झाला की येईन. त्याचंच वाक्य तिनं त्याच्या हातात ठेवलं आणि गेली. त्यानंतर ती माहेरी आली नाही, आणि चांगदेवही तिच्याकडं गेला नाही. अर्ज मात्र असा जोर लावून लिहू लागला की साहेबसुद्धा चकित झाले. लोकांना वाटलं, बायको गेल्यावर माणूस कामात बुडाला. तसं बघितलं तर पूल व्हावा असंही त्याला वाटत होतं आणि होऊ नये असंही. पूल नव्हता तोवर दोघांनाही सबब होती.

आणि पूल झाला. पहिल्याच हंगामात ऊस पाटसला तासाभरात पोचला. डेअरीची गाडी दारात येऊ लागली. वस्तीतल्या एका बाईला आठवड्यातून दोनदा दौंडला दवाखान्यात नेतात, ती आता दुपारच्या जेवणाला घरी असते. या उन्हाळ्यात नदीपल्याडच्या तीन सोयरिकी जमल्या. आणि रांजणगावच्या एका कंपनीनं पल्याडच्या बायकांसाठी बस सुरू केली. ती बस सकाळी पुलावरून येते आणि पुलाच्या तोंडाशीच असलेल्या चांगदेवच्या घरासमोरून रांजणगावकडं जाते. शेजारच्या धुरपदाची भाची त्याच कंपनीत पॅकिंगला आहे. तिच्याकडून धुरपदाला कळलं आणि धुरपदानं चांगदेवला सांगितलं, की सुलक्षणापण त्या बसमधे असते. डाव्या अंगाला, खिडकीजवळ.

त्या दिवसापासून चांगदेव सकाळी ओट्यावर बसू लागला. रस्ता नवा, गुळगुळीत. बस अशी सुसाट जायची की एक निळा स्कार्फ दिसायचा आणि संपायचं. तो तिचाच असेल कशावरून? घरात येऊन तो एकट्याचा चहा करायचा. अंदाज चुकून चहा नेहमी दोन कप व्हायचा, आणि दुसरा कप तो दुपारी गार पीत बसायचा. सतरा वर्षं दारात माणसांची वर्दळ होती. पूल झाला आणि माणसं यायची थांबली. त्यांचं काही चुकलं नाही. काम झाल्यावर माणूस कशाला येईल?

मग चांगदेवनं त्याला जे येत होतं ते केलं. अर्ज लिहिला. विषय: रुपनवरवस्ती येथे गतिरोधक बसविणेबाबत. ग्रामसभेत हसू पिकलं. तिथं शाळा नाही, देऊळ नाही, आबा, स्पीडब्रेकर कशाला? चांगदेव म्हणाला, वासरं आडवी येतात. त्याच्याकडं वासरू नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. पण पूल आणणाऱ्या माणसाला एवढ्यासाठी नाही कसं म्हणायचं? पोपटरावांनी शब्द टाकला आणि महिन्याभरात घरासमोर डांबराचा चांगला जाड उंचवटा पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसला. बस आली, ब्रेक लागला, आणि एकेक खिडकी सावकाश त्याच्यासमोरून सरकली. डाव्या अंगाला सगळ्या परक्या बायका. सुलक्षणा पलीकडच्या बाजूला बसली होती. पाठीवरची वेणी तेवढी दिसली. संध्याकाळी बस परतताना घर उजव्या हाताला येतं. त्याला वाटलं, आता दिसेल. तेव्हा ती डाव्या बाजूला बसलेली होती. आठ तास उभ्यानं काम करून आलेली बाई, पण बाजू बदलायला विसरली नव्हती. असं तीन दिवस झालं. चौथ्या दिवशी तो ओट्यावर बसलाच नाही.

कंपनीला गुरुवारी सुट्टी. त्या गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास चांगदेवनं दार ओढून घेतलं आणि तो पुलावर चढला. चालताना तो मनात बोलणं जुळवत होता, आणि सवयीनं ते अर्जासारखंच जुळत होतं. विषय, संदर्भ, तरी मेहेरबान होऊन. उसाची मोकळी ट्रॉली खडखडत बाजूनं गेली. खाली ते दोन जुने खांब तसेच होते, बगळेही होते. बोलणं जुळायच्या आत पूल संपला. नऊ मिनिटं लागली. सतरा वर्षं ज्याच्या लांबीरुंदीचे आकडे त्याला पाठ होते, तो पूल चालायला एवढासाच आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला एकदम फार थकल्यासारखं झालं.

भैरू उसाची खेप घेऊन पाटसला गेला होता. सुलक्षणा अंगणात दगडावर कंपनीचा निळा युनिफॉर्म धूत होती. बापाला बघून ती थांबली, मग कुणालाही म्हणावं तसं "या" म्हणाली. खाट आडवी केली, पाण्याचा तांब्या दिला आणि परत दगडाशी जाऊन बसली. तिच्या कानाजवळचे केस पांढरे झालेले त्याला दिसले. ते त्याच्या डोक्यातच नव्हतं. तो अजून लग्नातलीच सुली धरून चालला होता.

"आबा," ती कपडा पिळत म्हणाली, "पूल न्हवता तवा मी दीड तासात आले. पूल झाल्यावर तुम्हाला नऊ म्हैने लागले."

जुळवलेलं सगळं चांगदेवच्या डोक्यातून निघून गेलं. मग जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते त्यानं सांगितलं.

"पावसाचं निमित्त हुतं, सुले. तू येणार हे मला ठावं हुतं. म्हैनाभर ती म्हणत हुती, सुलीकडं न्या. आन् मी म्हणत हुतो, पूल होऊ दे. पस्तीस किलोमीटरच हुतं. गाडी सांगितली असती तर पोचलो असतो. तू येऊन मला विचारलं असतंस, आईला का आणलं न्हाई. तिला तशी समोर ठिवून मला उत्तर देता आलं नसतं. म्हणून उरका म्हणलं."

सुलक्षणानं युनिफॉर्म झटकून दोरीवर टाकला. चिमटे लावले. रडेल, बोलेल, घरात निघून जाईल, असं सगळं त्याला वाटून गेलं. तिनं विचारलं ते भलतंच होतं.

"आईला लुगडं कुठलं नेसवलं हुतं?"

"हिरवं," चांगदेव लगेच म्हणाला.

"हिरवं सगळ्याच सवाष्णींच्या अंगावर वरनं घालत्यात. आंघोळ घातल्यावर नेसवलं ते कुठलं?"

चांगदेवनं आठवून बघितलं. त्या दिवशी कोण कोण आलं होतं ते आठवलं, लाकडं कुणाच्या ट्रॉलीतून आणली ते आठवलं. बांधकाम विभागाचं त्या आठवड्यात आलेलं पत्रसुद्धा तारखेसकट आठवलं. पण बेचाळीस वर्षं ज्या बाईच्या हातचं खाल्लं, ती घरातून निघाली तेव्हा तिच्या अंगावर काय होतं, ते काही केल्या डोळ्यांपुढं येईना.

"न्हाई आठवत," तो म्हणाला.

"सा वर्सं झाली. डोळं मिटलं की आई दिसती. पर तिच्या अंगावर काय हाय ते मला दिसत न्हाई. कुणाला विचारू? मी तिथं न्हवते."

चांगदेव उठला. आलोच, म्हणाला आणि चालू लागला. सुलक्षणानं त्याला थांबवलं नाही. हा माणूस असा मधेच उठून जातो हे तिला नवीन नव्हतं. तिला वाटलं असणार, संपलं.

तो तसाच पुलावर आला. ऊन चढलं होतं, गुडघा खरोखरच दुखायला लागला होता. पुलाच्या मध्यावर कठड्याला धरून तो जरा टेकला आणि मग नेटानं पुढं गेला. धुरपदा तिच्या पडवीत कांदे निवडत बसली होती. गिताबाईला शेवटची आंघोळ तिनंच घातली होती. चांगदेवनं चप्पलसुद्धा न काढता तिला विचारलं. धुरपदानं हातातला कांदा खाली ठेवला. सहा वर्षांत हे कुणी तिला विचारलं नव्हतं.

मग तिनं सांगितलं. वांगी रंगाचं, पिवळ्या काठाचं. सुलीनं दौंडच्या बाजारातून घेऊन पाठवलेलं. गिताबाईनं त्याची घडी कधी मोडली नव्हती. ट्रंकेत तळाशी, डांबरगोळ्या घालून ठेवलं होतं. विचारलं की म्हणायची, पूल झाला की हे नेसून सुलीकडं जायचंय. जायच्या दोन दिवस आधी तिनंच धुरपदाला ट्रंकेची किल्ली दाखवून ठेवली होती. "तुम्ही तवा भाईर माणसांत हुता, आबा," धुरपदा म्हणाली. ती रागानं म्हणाली नाही, पण चांगदेवला ते फार लागलं. घरात दहा वर्षं एक ट्रंक होती, तिच्यात त्याच्या पुलाची वाट बघत एक लुगडं पडलं होतं, आणि त्याला पत्ता नव्हता.

धुरपदा जेवून जा म्हणत होती. तो तिसऱ्यांदा पुलावर चढला. पूल असता तर गिता वाचली असती, असं काही नाही. तिचा आजारच तसा होता. पण दुपारची उन्हं उतरल्यावर काठी टेकत, हळूहळू, नवं लुगडं नेसून ती या रस्त्यानं गेली असती. कुठलाच अर्ज लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढं हे असं कधी आलं नव्हतं. चालता चालता त्याला रडू फुटलं, आणि दुधाची गाडी जवळून गेली तेव्हा त्यानं तोंड नदीकडं वळवलं.

सुलक्षणा अंगणातच होती. तो परत येईल असं तिला वाटलं नसावं. हातातलं सूप तसंच धरून ती उभी राहिली. चांगदेव खाटेवर बसला नाही. उभ्या उभ्याच त्यानं सांगितलं, वांगी रंगाचं, पिवळ्या काठाचं, आणि ट्रंकेचं, आणि गिताबाई काय म्हणायची तेही सांगितलं. धुरपदानं सांगितलेल्यातलं काही गाळलं नाही आणि पदरचं काही घातलं नाही.

सुलक्षणा खाली पायरीवर बसली.

"म्हंजी आई माझ्याकडं यायचंच लुगडं नेसून निघाली हुती," ती म्हणाली. "आन् तुम्ही तिला थांबू दिलं न्हाई."

"व्हय," चांगदेव म्हणाला.

तेव्हा ती रडली. सहा वर्षं आत धरून ठेवलेलं रडणं, ते काही लवकर सरणारं नव्हतं. तिनं त्याला बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. जवळ जावं, पाठीवर हात ठेवावा असं चांगदेवला फार वाटलं, पण त्याचा धीर झाला नाही. तो अंगणात उभा राहिला. गुडघा ठणकत होता, पोटात अन्न नव्हतं, दोरीवरच्या युनिफॉर्मचं पाणी त्याच्या पायाशी ठिबकत होतं. या खेपेला मात्र लेकीचं होईपर्यंत तो थांबला.